डावीकडचा चौकोन

ताईंचा फोन आला तेव्हा मास्तर एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते. अडकलेला कागद फाटू न देता बाहेर काढायचा म्हणजे श्वास रोखून करायचं काम. त्यांनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"मास्तर, माऊस डावीकडे पळतोय," ताई म्हणाल्या.

"पळतोय म्हणजे?"

"म्हणजे बाण. पडद्याच्या डाव्या कडेला जातो आणि दिसेनासा होतो. मग की-बोर्डही चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपला आपण परत येतो."

"माऊस बदलून पाहिलात?"

"दोन बदलले."

"कधी होतं असं?"

"दुपारी," त्या म्हणाल्या.

मास्तरांना मास्तर म्हणायला आता तसं काही कारण उरलं नव्हतं. त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पण त्या क्लासात शिकलेली माणसं गावभर पसरली होती आणि त्यांच्या कॉम्प्युटरला नुसती शिंक आली तरी बोलावणं मास्तरांनाच जायचं. ताई त्यांतल्याच एक. साऱ्या क्लासात त्यांची बोटं सगळ्यात चपळ. पुढे त्या घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायला लागल्या. डॉक्टर बोलून ठेवायचे, ताई हेडफोन लावून ऐकायच्या आणि उतरवून काढायच्या. दिवसाचे आठ-आठ तास त्यांच्या कानात परक्या माणसांच्या फुप्फुसांचं आणि आतड्यांचं वर्णन चालू असे.

त्या घरी मास्तर चार महिन्यांत फिरकले नव्हते. ताऱ्या गेल्यापासून.

ताऱ्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचा, म्हणून सगळे ताऱ्या म्हणायचे. एका सकाळी खांबावरून पडला आणि मानेखालचं शरीर कामातून गेलं. उरलं ते डोकं, डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा. श्वासासाठी डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तेव्हा आवाजही गेला. नळीत कफ साचला की सक्शनच्या मशीनने ओढून काढावा लागे, आणि तो तेव्हाच्या तेव्हा काढावा लागे. सकाळी एक बाई यायची, दोन वाजता जायची. मग घरात दोघंच. तो आतल्या खोलीत पडलेला, या बाहेरच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून.

त्याला हाक मारायची असली तर? मास्तरांनी आधी घंटी लावून पाहिली. हेडफोनमधून ती ऐकू जाईना. दिवा लावून पाहिला. ताईंची मान टाइप करताना वर उठेना. मग त्यांना युक्ती सुचली. माणूस काम करताना हातातला माऊस मात्र विसरत नाही.

त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर जोडले. एकच माऊस आणि एकच की-बोर्ड दोघांत चालवणारा एक प्रोग्राम असतो, तो टाकला. त्यात पडद्यावर दोन चौकोन मांडायचे, खोलीत कॉम्प्युटर जसे आहेत तसे. ताईंच्या टेबलाच्या डाव्या हाताला आतली खोली, म्हणून ताऱ्याचा चौकोन डावीकडे. ताईंनी बाण डाव्या कडेच्या पलीकडे नेला की तो भिंतीपलीकडे ताऱ्याच्या पडद्यावर निघायचा. त्या बसल्या जागेवरून त्याच्या पुस्तकाची पानं उलटत, सिनेमे लावून देत. आणि ताऱ्याच्या अंगठ्याखाली मास्तरांनी एक बटण बसवलं. ते दाबलं की ताईंचा बाण हातातून निसटून त्याच्याकडे ओढला जायचा. की-बोर्ड मुका व्हायचा. मग त्या हेडफोन काढून उठायच्या.

"मशीनना नावं काय द्यायची?" मास्तरांनी विचारलं होतं. ताऱ्याने अंगठ्याने एकेक अक्षर निवडून लिहिलं: ताईचं 'बाहेर', माझं 'आत'.

एकीकडे कॉपी केलेलं दुसरीकडे उतरवता येत होतं, त्यामुळे भावाबहिणीचं बोलणंही चालायचं. एकदा ताई एका मूतखड्याच्या रिपोर्टच्या ऐन मध्यावर असताना बाण गेला, परत आला, आणि त्यांनी सवयीने पेस्ट केल्यावर डॉक्टरांच्या वाक्यात उतरलं: 'उंदीर ओलीस आहे. दोन चमचे चहा देऊन सोडवून न्यावा.' ताईंनी तो रिपोर्ट तसाच पाठवायचा तेवढा बाकी ठेवला होता. मास्तरांना हे सांगताना त्या हसून हसून रडायला आल्या होत्या.

आणि त्याच वेळी त्या म्हणाल्या होत्या, "पण मास्तर, दिवसातनं वीसदा ओढतो हो. कामाचं वाटोळं होतं."

पुढचं मास्तरांना आठवायचं नव्हतं. त्यांनी पिशवी भरली आणि जेवून निघाले.

घर तेच होतं. बाहेरची खोली, भिंतीला लागून टेबल, त्यावर पडदा. डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार. ते लोटलेलं होतं. उन्हं दाराच्या फटीशी येऊन थांबली होती आणि बंद खोलीला स्पिरिटचा आणि पावडरचा जुना, गोडसर वास अजून येत होता. ताई बारीक झाल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि स्टूल ओढून मास्तरांच्या मागे बसल्या.

मास्तरांनी प्रोग्राम उघडला. दोन चौकोन दिसले. उजवीकडे 'बाहेर'. डावीकडे 'आत'.

"हा मी काढला होता ना?"

"तुम्ही मशीन घेऊन गेलात त्याच दिवशी काढलात. माझ्यासमोर."

"मग परत कुणी टाकला?"

ताईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

मास्तरांनी तो चौकोन पुसला. ताऱ्याचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या हाताने सुटा केला होता. त्याची डिस्क त्यांच्या टेबलाच्या खणात होती, पडदा एका दवाखान्यात, बाकीचे भाग इकडेतिकडे. 'आत' नावाचं मशीन जगात उरलंच नव्हतं. तेव्हा शेजारीपाजारी कुणाचा तरी कॉम्प्युटर चुकून जोडला जात असावा, असं त्यांनी बोलून दाखवलं. वाय-फाय बंद केलं. नेटची वायर काढून टेबलावर ठेवली. कॉम्प्युटरला दुसरा पडदा जोडल्याचा भास होतोय का, तेही पाहिलं. पडदा एकच होता.

"आता जाईल कुठे?" ते म्हणाले. "डावीकडे कुणीच नाही."

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"तीन चोवीस."

"बसा जरा."

मास्तरांनी माऊसवरचा हात काढला. बाण पडद्याच्या मध्यावर स्थिर होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली, लांब गेली, आणि घरात फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर राहिली.

बाण हलला. झटक्याने नाही. कुणीतरी दोरीला बांधून ओढावा तसा, सावकाश, डावीकडे. कडेशी पोहोचला, टोक आधी गेलं, मग शेपूट.

मास्तरांनी माऊसची वायर उपटली. परत लावली. की-बोर्डवर बोटं आपटली. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"रोज असंच?"

"रोज."

"किती दिवस?"

"तीन आठवडे तरी झाले. आधी वाटलं, मलाच भास होतोय."

हा प्रोग्राम स्वतःची एक नोंदवही ठेवतो. कोण कधी जोडलं, कोण तुटलं, सगळं वेळेसकट. बिघाड कधी सुरू झाला हे कळलं तर तो का झाला हेही कळतं, असा मास्तरांचा आयुष्यभराचा अनुभव. पण बाण नसताना ते उघडणार कसं? दोघं बसून राहिले. चार वाजून तीन मिनिटांनी बाण डाव्या कडेतून बाहेर आला आणि तिथेच थबकला, दमल्यासारखा.

मास्तरांनी नोंदवही उघडली. इंग्रजी ओळी होत्या. ते वर वर जात त्यांचं मराठी करून सांगू लागले. डॉक्टर बोलतात आणि ताई उतरवतात, तसं काहीसं, फक्त आता बोलत मास्तर होते.

"हे आजचं. 'आत' जोडलं, तीन पंचवीस. सुटलं, चार तीन. हे कालचं... तेच. परवाचं तेच. आता आणखी मागे जाऊ. इथे मध्ये काहीच नाही, तीन महिने कोरे. आणि त्याच्या आधी..." त्यांनी चष्मा सारखा केला. "हे काहीतरी वेगळं आहे. अठरा तारीख. तीन पंचवीस. 'आत'कडून बाणाची मागणी. नाकारली. परत मागणी. नाकारली. परत..."

ओळी संपेनात. मास्तर खाली खाली जात राहिले. मागणी, नाकारली. मागणी, नाकारली. आधी मिनिटाला एक, मग दहा-दहा सेकंदांनी, मग एकावर एक, श्वास घ्यायलाही जागा नाही अशा. पुढे पुन्हा विरळ. दोन मिनिटांनी एक. चार मिनिटांनी एक. शेवटची चार वाजून तीन मिनिटांनी.

"नाकारली का पण?" मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि कारणाची ओळ वाचली. "बाण 'बाहेर'च्या पडद्याला कुलूपबंद."

वाचून झाल्यावर त्यांना तारीख कळली.

त्या दिवशी संध्याकाळी ते याच खोलीत येऊन गेले होते. झोपेतच गेला, असं ताईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. मास्तरांनीही घरी जाऊन बायकोला तेच सांगितलं होतं. सुटला बिचारा, झोपेतच गेला.

"मी लावलं होतं कुलूप," मागून ताईंचा आवाज आला. तो नेहमीसारखाच होता, रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "सकाळपासून त्याने पंधरा-सोळा वेळा ओढला होता. नुसती गंमत. मला चारच्या आत एक लांबलचक ऑपरेशनचा रिपोर्ट द्यायचा होता. म्हटलं, अर्धा तास. अर्ध्या तासाने उघडते. मग हेडफोनमध्ये विसरले. आत गेले तेव्हा त्याचा अंगठा बटणावरच होता."

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. की-बोर्डवर वर उजवीकडे एक बटण असतं. कुणी कधी वापरत नाही, पोरं क्लासात विचारायची की हे कशासाठी. त्याच्यावर बोट ठेवून त्यांनीच ताईंना सांगितलं होतं: काम असलं की हे दाबायचं, मग तुमचा बाण कुणी ओढणार नाही. ताऱ्यालाही त्यांनी आत जाऊन सांगितलं होतं. त्याने लिहिलं होतं, 'बरं. मांजराला दार बंद.'

हे आता बोलायला हवं होतं. बोलण्याची वेळ हीच होती, हे त्यांना पुरेपूर कळत होतं.

"प्रोग्रामच काढून टाकू," ते म्हणाले. "तुम्हाला आता त्याची गरज नाही."

"काढा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी प्रोग्राम काढला, त्याची सगळी पाळंमुळं शोधून पुसली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. निघताना ताई दारापर्यंत आल्या. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं, जणू काहीतरी द्यायचं राहून गेलंय आणि ते मास्तरांच्याच पिशवीत आहे. मास्तरांनी चप्पल घातली आणि जिना उतरले.

पुढचे दिवस त्यांचे वाईट गेले. डोळा लागायचा तो मागणी, नाकारली, मागणी, नाकारली अशा तालावर. बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय. त्यांनी पित्ताचं नाव सांगितलं. ताईंना फोन केला तर त्या उचलत नव्हत्या. तीन आठवड्यांनी एका दुपारी ते स्वतःला न विचारताच त्या रस्त्याला लागले.

जिन्यातच त्यांना मोटरचा आवाज ऐकू आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सक्शनच्या मशीनचा.

दार उघडं होतं. टेबलावर हेडफोन काढून ठेवलेला, पडद्यावर अर्धा रिपोर्ट, आणि बाण नव्हता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

खोली रिकामी होती. पलंग केव्हाच परत गेला होता. फरशीवर त्याच्या चार पायांच्या चार खुणा तेवढ्या होत्या. त्या खुणांच्या कडेला ताई स्टुलावर बसल्या होत्या. पायाशी मशीन घरघरत होतं. त्यांच्या हातात पारदर्शक नळी होती आणि नळीचं टोक त्यांनी पलंगाच्या उंचीवर, हवेत, अगदी हलक्या बोटांनी धरलं होतं. मान थोडी कलती. त्या कुणाशी तरी कुजबुजत होत्या. "झालं हं... झालं... थोडंच राहिलंय..."

मास्तरांना पाहून त्यांनी नुसती मान हलवली. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मोटर कोरडी हवा ओढत होती. मध्येच तिचा आवाज बदलला. ग्लासाच्या तळाशी उरलेलं सरबत नळीने ओढावं तसा, ओला. मग पुन्हा कोरडा. नळी कशाला तरी लागली असेल, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं.

चार वाजून तीन मिनिटांनी ताईंनी बटण बंद केलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या पडद्यावर बाण परत आला होता.

"प्रोग्राम मीच परत टाकला," ताईंनी हात धुता धुता सांगितलं. "तुम्ही काढलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन पंचवीसला बाण जागचा हलला नाही. चार वाजेपर्यंत हलला नाही. मी बसून बघत होते. मास्तर, ते फार वाईट होतं. तो तिकडे ओढत असणार आणि मी पुन्हा कुलूप लावलंय." त्यांनी पदराला हात पुसले. "मग टाकला. नाव लिहिलं, 'आत'. बाण गेल्यावर टाइप केलं, काय हवंय? इकडे अक्षर दिसत नाही, पण टाइप केलं. परत आल्यावर पेस्ट करून पाहिलं."

"काय आलं?"

"कफ."

मास्तर भिंतीकडे बघत राहिले.

"रोज तेवढंच येतं. मी लिहिते, माफ कर. येतं, कफ. लिहिते, ताई आहे रे, इथेच आहे. येतं, कफ. त्याला माहीत नाहीये, मास्तर. त्याच्यासाठी अजून अठरा तारीखच आहे. रोज तीन पंचवीसला सुरू होतं आणि मी इकडे बसून आत कसं जायचं म्हणून रडते. मग एक दिवस वाटलं, आत म्हणजे कुठे? आत म्हणजे हीच खोली. मशीन परत भाड्याने आणलं."

"फरक पडतो का काही?"

"नाही. रोज जातो." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण एकटा जात नाही."

त्यांनी मशीनची बाटली सोडवून मोरीत नेली. त्या जाताना मास्तरांनी पाहिलं. बाटलीच्या तळाशी दोन बोटं फेस होता.

"ते बटण मी दाखवलं होतं तुम्हाला," मास्तर म्हणाले. इतके दिवस घशात अडकलेलं होतं, ते आलं तेव्हा अगदी बारीक आवाजात आलं.

"हो." मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. "मला वाटलं, तुम्ही विसरलात. बरं झालं बोललात." मग नळ बंद करून त्या दारात आल्या. "उद्या याल? मला दोन हात पुरत नाहीत. नळी घालताना त्याची मान मागे जाते. एकाने डोकं धरायला हवं."

मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ताईंच्या कुणा नातेवाइकाला फोन केला असता, डॉक्टरांचं नाव सुचवलं असतं. मास्तरांनाही हे सगळं सुचलं. ते म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला ते खुणांच्या उशाकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसले. ताईंनी त्यांचे तळवे हातात घेऊन हव्या त्या उंचीवर, ओंजळीसारखे, एकमेकांजवळ नेऊन ठेवले. "असेच ठेवा. हलवू नका."

बाहेर पडद्यावर काय झालं ते इथून दिसत नव्हतं. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोटर सुरू केली.

मास्तरांच्या हातात काही नव्हतं. हवा होती. त्यांना एकाच वेळी हायसं वाटलं आणि रडूही आलं. ही बाई दुःखाने वेडी झाली आहे आणि आपण तिच्या वेडात बसलो आहोत, इतकंच. त्यांनी डोळे मिटून घेतले. नळी कोरडी वाजत होती, मग ओली, मग कोरडी. ताई कुजबुजत होत्या. हळूहळू मास्तरांचे दंड भरून आले. मग मनगटं. रिकामे हात इतका वेळ उचलून धरले की कुणाचेही दुखतात. तळवे मात्र घामाने ओले झाले होते, आणि तो घाम आपलाच आहे का, हे त्यांना डोळे उघडून बघवेना.

बराच वेळ गेला. मोटर थांबली.

"गेला," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी हात झटकन ओढून घेतले.

"असे नाही..." ताई पुढे झेपावल्या. "हळू टेकवायचा..."

फरशीवर आवाज झाला. मोठा नव्हता. जड आणि बद्द, एकदाच.

दोघांनी खाली पाहिलं. चार खुणांच्या मध्ये फरशी मोकळी होती. ताई खाली बसल्या आणि फरशीवरून हात फिरवू लागल्या, अंधारात चष्मा शोधावा तशा. त्यांनी मास्तरांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतर बाण कधी डावीकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. प्रोग्राम चालू होता, 'आत'चा चौकोन जागेवर होता, मास्तरांनी नोंदवही पुन्हा पुन्हा तपासली. काहीच बिघडलेलं नव्हतं. तीन पंचवीसला ताई हेडफोन काढतात, माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवतात आणि बाणाकडे बघत बसतात. चार वाजून तीन मिनिटांनी पुन्हा कामाला लागतात. मास्तर महिन्यातून एकदा जातात. करण्यासारखं काही नसतं. पडदा पुसतात, की-बोर्ड उलटा करून झटकतात, पाणी पितात.

आतल्या खोलीत ताईंनी एक उशी ठेवली आहे. खुणांच्या मध्ये, नुसत्या फरशीवर. तिचा अभ्रा त्या रोज बदलतात. का, ते मास्तरांनी विचारलं नाही. मागच्या खेपेला निघताना त्यांची नजर गॅलरीतल्या दोरीवर गेली. आठवड्याचे अभ्रे ओळीने वाळत होते, घासून घासून विटलेले, आणि प्रत्येकाच्या मधोमध, डोकं टेकतं त्याच जागी, न निघालेला तळहाताएवढा तपकिरी डाग होता. शेवटचा अभ्रा वाळला होता, पण त्यावरचा डाग अजून ओला होता.